रिक्रिएशन डॉट गव्ह की अवेन्झा?
अमेरिकेतल्या नॅशनल फॉरेस्टमधे कॅम्पिंगला जायचं तर दोन्ही अ‍ॅप कामाची, पण कामं वेगळी. रिक्रिएशन डॉट गव्ह म्हणजे बुकिंग, बऱ्याच कॅम्पग्राउंडवरच्या तंबूच्या जागांचं बुकिंग ६ महिने आधी उघडतं आणि चांगल्या जागा बघता बघता उडतात, वर रिझर्वेशन फी वेगळीच. अवेन्झा मॅप्सवर फॉरेस्ट सर्व्हिसचे मोटर व्हेइकल युज मॅप (जंगलात कुठल्या रस्त्यावर गाडी नेता येते ते दाखवणारे नकाशे) फुकट मिळतात, घरीच वायफायवर उतरवून ठेवा म्हणजे जंगलात रेंज गेली तरी आपण कुठल्या नंबरच्या कच्च्या रस्त्यावर आहोत ते ठिपका बरोबर दाखवतो (बॅटरी मात्र खातं, पॉवरबँक हवीच). रानात कुठेतरी फुकट तंबू ठोकायचाय तर माझं मत अवेन्झाला. पोरंबाळं सोबत आहेत, टॉयलेट-टेबल पाहिजे, तर मुकाट बुकिंग करा.