आधी टायपिंगचं काम, मग ‘वकिलाची नोटीस’

माझा धाकटा भाऊ बी.कॉम. झालाय. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत त्याला महिना १०,००० रुपये विद्यावेतन मिळत होतं. मुदत संपली आणि तो पुन्हा घरी बसला. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांना दहा लाखांवर अर्ज आले होते, त्यातला एक त्याचाही. अशा पोराला इन्स्टाग्रामवर ‘घरबसल्या डाटा एन्ट्री, नोंदणी फी नाही’ असं दिसलं, तर तो फोन करणारच.

फी मागितली नाही, म्हणूनच घरात कुणाला संशय आला नाही. आधार, सही आणि फोटो मागवून घेतले. मग परराज्यातल्या स्टॅम्प पेपरवरच्या कराराची पीडीएफ आली. काम काय, तर पुसट स्कॅन केलेली पानं त्यांच्या वेबसाईटवर जशीच्या तशी टाईप करायची. अचूकता ९० टक्के हवी. ‘l’ आहे की ‘1’, हे झूम करूनही कळत नव्हतं. पोरगं रात्र रात्र जागलं. शेवटच्या दिवशी लॉगिनच होईना.

दुसऱ्या दिवशी निकाल आला: अचूकता कमी, करारभंग, ६,५०० रुपये भरा. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर ‘वकिलाची नोटीस’ आली. वर तराजूचं चित्र, खाली गोल शिक्का. फोनवरची बाई म्हणाली, “संध्याकाळपर्यंत भरा, नाहीतर पोलीस घरी येतील.” त्याचं जेवण सुटलं. अण्णांनी आम्हाला न सांगता पैसे भरून टाकले. गावात बोभाटा नको, एवढंच त्यांच्या मनात होतं. मग ‘एनओसी’साठी, म्हणजे ना-हरकत पत्रासाठी, आणखी १२,००० मागितले, तेव्हा मला कळलं.

मी ओळखीच्या वकिलांना नोटीस दाखवली. त्यांनी सांगितलेलं नीट वाचा. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा आदेश नाही. काम अपुरं राहिलं हा फार तर दिवाणी वाद, त्यासाठी पोलीस उचलून नेत नाहीत. फसवून करायला लावलेला करार १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १९ प्रमाणे फसलेल्या माणसाला रद्द करता येतो. म्हणजे घाबरायचं त्यांनी, आपण नाही.

तेव्हा पुढचा रुपया देऊ नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करा. लवकर कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येते. चॅट, नोटीस, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, काहीच डिलीट करू नका. आम्ही राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे अजून परत आलेले नाहीत.

आणि घरच्यांनो, पोरावर ओरडू नका. माझ्या भावाच्या मित्रालाही तीच नोटीस आली होती. केस नंबरही तोच, फक्त नाव बदललेलं. घरच्यांच्या भीतीने तो महिनाभर गप्प राहिला, आणि तेवढ्यात त्याच्याकडून तीनदा पैसे उकळले.