जुन्या फोनवर लिनिएज ओएस की जीएसआय?

कंपनीने अपडेट थांबवले की दोन वाटा उरतात: त्याच मॉडेलसाठी बांधलेला रॉम (फोनवर टाकायची पूर्ण अँड्रॉइड सिस्टम), म्हणजे लिनिएज ओएससारखा, किंवा बऱ्याच फोनना चालणारा जीएसआय (जेनेरिक सिस्टम इमेज). निवडताना अँड्रॉइडचा आकडा नंतर बघा, आधी ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या फाइल्स, बघा.

कर्नलचा, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याचा, सोर्स कोड जीपीएल या परवान्यामुळे कंपनीला द्यावा लागतो. कॅमेरा, मॉडेम, फिंगरप्रिंट यांच्या फाइल्स मात्र बहुतेक वेळा बंदच असतात. २०१७ साली अँड्रॉइड ८ सोबत प्रोजेक्ट ट्रेबल आलं आणि या फाइल्स सिस्टमपासून वेगळ्या व्हेंडर पार्टिशनमध्ये (स्टोरेजच्या वेगळ्या भागात) गेल्या. जीएसआय त्याच जोरावर चालतो. सिस्टम नवी, ड्रायव्हर जुनेच.

आईच्या फोनवर मी जीएसआय टाकला होता. सुरू लगेच झाला. वायफाय, टच, कॅमेरा सगळं ठीक. संध्याकाळी ती म्हणाली, "अरे, मावशीला रिंगच जात नाही." सिम जिओचं. जिओकडे २जी-३जी नाही, त्यामुळे साधा कॉलसुद्धा व्होल्टीवरूनच, म्हणजे ४जी डेटावरूनच जातो. व्होल्टी सांभाळणारं आयएमएस अ‍ॅप मूळ सिस्टममध्ये होतं आणि सिस्टम बदलताना तेच पुसलं गेलं. जीएसआयमधल्या ट्रेबलच्या सेटिंगमधून दुसरं आयएमएस टाकलं, तर आवाज एकाच बाजूने येऊ लागला. शेवटी मूळ रॉम परत टाकला.

लिनिएजमध्ये ही जोखीम बरीच कमी, कारण अधिकृत यादीत यायचं तर कॉल, कॅमेरा वगैरे चालायलाच हवं, असा त्यांचा नियम आहे. स्नॅपड्रॅगन ८४५ वाला पोको एफ१ घ्या. २०१८ साली आलेला हा फोन कंपनीने अँड्रॉइड १० वर सोडला, लिनिएजने त्याच्या पुढे नेला. पण तुमचं नेमकं मॉडेल यादीत हवं. नावात एक 'प्रो' जास्त असला तरी तो वेगळा फोन.

म्हणून माझं मत: मॉडेल यादीत असेल तर लिनिएजच. नसेल तर जीएसआय फक्त दुसऱ्या, बिनकामाच्या फोनवर. स्क्रीनखालचा फिंगरप्रिंट जीएसआयवर बऱ्याचदा चालत नाही. दोन्हीकडे बूटलोडर (फोन सुरू करणारं कुलूपबंद सॉफ्टवेअर) उघडताना डेटा पुसला जातो आणि बँकेची किंवा यूपीआयची अ‍ॅप्स अडू शकतात. यूपीआय एकाच फोनवर असेल तर दोन्ही नकोत.

टाकण्याआधी ईएफएस आणि पर्सिस्ट पार्टिशनचा बॅकअप संगणकावर घ्या. आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि सेन्सरचं कॅलिब्रेशन तिथे असतं, आणि ते गेलं तर कुठलाच रॉम परत आणून देत नाही.