मारुती ८०० चा सडलेला सायलेन्सर घरी काढला, नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

डिसेंबर २०२४ मध्ये काम झालं तेव्हाच लिहिणार होतो पण म्हटलं एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ दे, नागपूरच्या या दोन्हीतून जे निघालं ते टिकलं म्हणायचं. आता सप्टेंबर चालू आहे, म्हणून लिहून राहिलो.

गाडी २००५ ची मारुती ८००, एमपीएफआय (म्हणजे पेट्रोल इंजेक्शनवाली), बाबांनी नवी कोरी घेतलेली. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन पाणी वस्त्यांमध्ये शिरलं त्या रात्री ती मामांकडे डागा लेआउटला उभी होती. दाराच्या वरपर्यंत पाणी. मामांनी फोन करून सांगितलं चावी लावू नको, त्यामुळे इंजिन वाचलं, ऑइल बदललं, सीट बाहेर काढून वाळवल्या, वायरिंग पाहिलं, सगळं पाहिलं पण सायलेन्सरकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. तिथून तो आतून सडत गेला.

तसाही सायलेन्सर बाहेरून कमी आणि आतूनच जास्त गंजतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, ते वाफ होऊन पाईपातून जातं. गाडी लांब चालली तर पाईप तापतो आणि वाफ निघून जाते. आमची गाडी मनीष नगर ते धंतोली, परत घरी, बस, एवढीच चालते, त्यामुळे मागचा डबा, म्हणजे सायलेन्सर, धड तापतच नाही आणि पाणी आतच राहतं, त्यात पुराचा गाळ. वर्षभरात आधी फटफट आवाज, मग धडधड, मग आई म्हणायला लागली मागच्या सीटवर बसलं की डोकं दुखते. इथे मी घाबरलो. वास येतो तो बाकीच्या वायूंचा, कार्बन मोनॉक्साइडला स्वतःला ना रंग ना वास. खालून पाईप फुटलेला असेल आणि फ्लोअरच्या पत्र्यालाही गंजून भोकं असतील तर तो सरळ आत येतो. ज्यांच्या जुन्या गाडीत म्हातारी माणसं, लेकरं मागे बसतात त्यांनी हे उद्यावर टाकू नका.

आधी एका गॅरेजला नेली. त्यांनी न भिजवता, न तापवता सरळ नट सोडायची गन लावली आणि मॅनिफोल्डचा (इंजिनातला धूर पाईपात आणणारा भाग) एक स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) कटकन तुटला. मग म्हणे मॅनिफोल्डच बदला, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून आमच्याकडे द्या, साधा पाईप टाकून देतो, स्वस्तात होईल. मी गाडी तशीच परत आणली. कन्व्हर्टरच्या आत प्लॅटिनम, पॅलॅडियम, रोडियम असे महाग धातू असतात, म्हणून तो मागतात. आपला चांगला असेल तर कोणाला देऊ नका, तो गेला की धूर साफ होणं बंद आणि पीयूसीलाही अडकणार.

शेजारचे काका हिंगणा एमआयडीसीत वेल्डिंग करायचे, आता रिटायर. त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "कायले घाई करून राहिला बाबू, तीन दिवस तेल पाज त्याले, मंग पाहू." काम खरं इथेच आहे आणि गॅरेजवाले हेच करत नाहीत, कारण त्यांना संध्याकाळपर्यंत गाडी द्यायची असते. लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, तो आट्यांमध्ये फुगून बसतो, म्हणून नट जणू वेल्ड झाल्यासारखा धरतो. मी पहिल्या दिवशी वायर ब्रशने आटे साफ केले (हे आधी, नाहीतर तेल आत जातच नाही) आणि डब्ल्यूडी-४० मारलं. ते बरं आहे पण मुळात ते पाणी हटवायला बनवलेलं, नावातले डब्ल्यू-डी त्याचेच. दुसऱ्या दिवशी काकांनी एटीएफ, म्हणजे ते पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल, आणि अॅसिटोन अर्धं-अर्धं करून दिलं, हे पाण्यासारखं पातळ असतं आणि फटीत सुरसुर जातं. इंजिन पूर्ण थंड असतानाच लावायचं, अॅसिटोन लगेच पेट घेतं. सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं, मध्ये नटाच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके.

चौथ्या दिवशी रविवारी काढायला घेतलं. गाडी स्टँडवर, नुसत्या जॅकवर ठेवून खाली घुसायचं नाही म्हणजे नाही. डोळ्यांना गॉगल, वरून गंजाचे पापुद्रे पडत राहतात. गोटी (नटावर बसवायचा सॉकेट) सहा कोनाचीच घ्या, बारा कोनाची गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करून टाकते आणि मग काही धरायलाच राहत नाही. आणि काकांची गोष्ट जी मी आता प्रत्येक नटाला करतो, आधी थोडा कसायचा, मग सोडायचा, परत कसायचा, परत सोडायचा. किर्रर्र आवाज आला की तो आवाज ऐकून जो आनंद होतो तो सांगता येत नाही. ऑक्सिजन सेन्सर (धुराच्या वाटेत बसवलेला) इंजिन थोडं गरम करून काढला, २२ नंबरची चिरलेली गोटी लागते, वायर त्या चिरेतून बाहेर येते.

तुटलेला स्टड मला वाटलं ड्रिल करावा लागेल. काका म्हणाले थांब. बॅटरीची निगेटिव्ह काढली (ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर आहे, वेल्डिंग करताना हे विसरू नका), पाण्याची बादली जवळ ठेवली, आणि स्टडच्या उरलेल्या तुकड्यावर एक नवा नट ठेवून आतून वेल्ड मारला. वेल्डिंगच्या तापाने स्टड फुगतो आणि थंड होताना आखडतो, गंजाची पकड सुटते. लाली गेल्यावर नटाला पाना लावला आणि आख्खा स्टड लोण्यासारखा बाहेर आला. ज्या मॅनिफोल्डला गॅरेजवाल्यांनी भंगार ठरवलं होतं तोच आज गाडीवर आहे.

मागच्या डब्याच्या बोल्टांसोबत वेळ घालवला नाही, तो तसाही जाणारच होता. पण पेट्रोलची टाकी तिकडेच म्हणून ग्राइंडर नाही, हॅक्सॉ ब्लेडने हाताने कापला, चाळीस मिनिटं लागली. रबर हँगर (डबा ज्यावर लटकतो ते) साबणाचं पाणी लावून पेचकसाने सरकवले. डबा खाली आला आणि उलटा केला तर अर्धं घमेलं वाळलेला गाळ निघाला. सव्वा वर्षानंतर अंबाझरीची माती आमच्या अंगणात. आई बाहेर येऊन बघत उभी राहिली, काही बोलली नाही.

नवा सायलेन्सर ब्रँडेड नाही, लोकल, अॅल्युमिनियम कोटिंगचा, २२०० ला पडला. स्टेनलेसचा तीनपट सांगत होते. सगळ्या गास्केट नव्या, नट-बोल्ट नवे, सगळ्या आट्यांना कॉपर ग्रीस (तापातही आटे धरू न देणारं). पहिले दोन दिवस जळल्याचा वास आणि थोडा धूर आला तर घाबरू नका. पण दोन-तीनदा गाडी तापून थंड झाली की नट परत कसा, माझे दोन ढिले झालेच होते.

आता नऊ महिन्यांचं सांगतो. आवाज पहिल्या दिवसासारखाच शांत आहे. मायलेज वाढलं असं मी म्हणणार नाही, १६-१७ होतं तेवढंच आहे. आईचं डोकं दुखणं बंद झालं, माझ्यासाठी पैसे तिथेच वसूल. फेब्रुवारीत गतिरोधकावर मागून ठकठक यायला लागली, लोकल डब्याचा ब्रॅकेट अर्धा इंच इकडे-तिकडे असतो, त्यामुळे हँगरवर ताण येतो, चांगल्या कंपनीचे रबर टाकले तेव्हा थांबली. जुने रबर परत वापरून शंभर-दोनशे रुपये वाचवू नका. मे महिन्याच्या उन्हात काहीच त्रास नाही. ऑगस्टमध्ये मात्र वेल्डच्या शिवणीवर तांबूस गंज दिसला, कोटिंग तिथे जळून गेलेलं असतं, मी घासून उष्णता सहन करणारा सिल्व्हर पेंट मारला. लावायच्या आधीच मारायला पाहिजे होता. डब्याच्या खाली एक बारीक भोक आहे, थंड गाडी सुरू केली की त्यातून पाणी टपकतं, ते पाणी निघायलाच ठेवलेलं आहे. ओळखीतल्या एकाने त्याला लीक समजून वेल्डिंगने बुजवलं, तसं करू नका. आणि आता मी पंधरा दिवसांतून एकदा गाडी हायवेने बुटीबोरीपर्यंत नेऊन आणतो, पूर्ण तापू देतो.

यावर्षी आरसी रिन्यू करायची होती, वीस वर्षं झाली ना. फिटनेसला पास झाली. एक सांगून ठेवतो, पाईप फुटका असताना पीयूसीचा आकडा चांगला आला तर खूश होऊ नका, फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि धूर पातळ होऊन रीडिंग कमी दाखवतं.

मागच्या रविवारी पावसाने उघडीप दिली तेव्हा परत खाली घुसलो, मॅनिफोल्डच्या त्याच स्टडच्या नटाला पाना लावून पाहिला. एका हाताने फिरला, आट्यांवर कॉपर ग्रीस अजून चमकत होतं. परत कसला आणि काकांना आवाज दिला, "काका, निघते जी!"