आधी लस की टोचल्यावर इंजेक्शन? दातांच्या डॉक्टरांसाठी

लस न घेतलेल्या डॉक्टरला हिपॅटायटिस बीच्या रुग्णाची सुई टोचली, तर संसर्गाची शक्यता साधारण ६ ते ३० टक्के असते. एचआयव्हीच्या बाबतीत ती ०.३ टक्के. तरी हातात सुई घुसली की आपल्या मनात आधी एचआयव्हीच येतो. रुग्णाला विचारूनही भागत नाही, कारण अनेक बाधितांना स्वतःलाच आजाराचा पत्ता नसतो.

आता दोन वाटा. पहिली, आधीच लस: ०, १ आणि ६ महिन्यांनी तीन डोस, दंडात. दुसरी, टोचल्यावर धावपळ: इम्युनोग्लोब्युलिनचं (विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन, शक्यतो २४ तासांत, फार तर ७ दिवसांपर्यंत, आणि सोबत लसीचा पहिला डोस. हे इंजेक्शन महाग, लहान गावात शनिवारी रात्री मिळेलच असं नाही, आणि त्याचं संरक्षण काही महिन्यांचंच. शिवाय टोचलं हे कळलं तरच ते घेणार ना! ग्लोव्हच्या आत बरचा (दात कोरायचं टोक) किंवा स्केलरचा (दात साफ करायचं हत्यार) बारीक ओरखडा कित्येकदा संध्याकाळी हात धुताना दिसतो. माझं मत स्पष्ट आहे: दुसरी वाट अडचणीपुरती, भिस्त पहिलीवरच.

लगेच काम सुरू करायचं असेल तर ०, १, २ महिने हे जलद वेळापत्रक आहे. संरक्षण लवकर सुरू होतं, पण १२ महिन्यांनी चौथा डोस घ्यावाच लागतो आणि तोच लोक विसरतात. हातात सहा महिने असलेल्या इंटर्नने नेहमीचंच घ्यावं.

तीन डोस झाले म्हणजे झालं, हा समज मला सगळ्यात जास्त सतावतो. काहींच्या शरीरात पुरेशी प्रतिपिंडं तयारच होत नाहीत. शेवटच्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं मोजायची तपासणी करा. आकडा १० mIU/mL किंवा जास्त हवा. कमी आलं तर पुन्हा तीन डोस, पुन्हा टायटर. तरीही कमीच राहिलं तर तुम्हाला आधीच संसर्ग नाही ना, ते तपासायचं. तोही नसेल, तर टोचल्यावर इम्युनोग्लोब्युलिन हाच तुमचा आधार, आणि ते कुठे मिळतं हे आजच विचारून ठेवायचं.

हिपॅटायटिस सीला लसच नाही. टोचल्यास शक्यता २ टक्क्यांहून कमी, आणि आता गोळ्यांनी तो बहुतेकांचा बरा होतो. पण तिथे बचाव फक्त हाताच्या सवयीचा: भूल दिल्यावर दोन्ही हातांनी कॅप लावायची नाही, ट्रेवर ठेवलेली कॅप एका हाताने सुईनेच उचलायची. टोचलंच तर साबण-पाण्याने धुवा, पिळू नका.

आणि हत्यारं धुणाऱ्या मावशी? बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान ७ दिवस टिकतो, आणि ती हत्यारं त्यांच्याच हातातून जातात. त्यांना जाड रबरी हातमोजे द्या आणि तुमच्या डोसच्या तारखांशेजारी त्यांच्याही लिहा.