डिस्नेच्या राइडची वेळ दोन महिने आधी विकणाऱ्यापासून सावध राहा

अमेरिकेतल्या ओरलँडोच्या डिस्ने वर्ल्डला जायचं ठरलं असेल आणि इथं कोल्हापुरात कुणी "राइडच्या वेळा आत्ताच बुक करून देतो, रांगेत थांबायला लागणार नाही" म्हणत असेल, तर त्याला एक रुपयाही देऊ नका. तो जे विकतोय ते त्या तारखेला कुणाकडेच नसतं. राइडच्या वेळेचं आरक्षण डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना मुक्काम सुरू व्हायच्या ७ दिवस आधी मिळतं. बाहेरच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना पार्कात जायच्या दिवसाआधी फक्त ३ दिवस. आमच्याकडून अशाच एका माणसाने मे अखेरच्या सहलीसाठी मार्च महिन्यात पैसे घेतले. एक लाख एकोणनव्वद हजार रुपये. तो आजही दुसऱ्या नावाने तेच विकतोय अशी मला दाट शंका आहे, म्हणून सगळं तपशीलवार लिहिते आहे.

माझ्या मोठ्या नणंदबाई अमेरिकेत शार्लटला असतात. त्यांच्याकडे जायचं आणि तिथून सगळ्यांनी मिळून ओरलँडो गाठायचं, असं ठरलं होतं. आमची इकडची सहा माणसं: आबा, सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. आबांचं सगळं आयुष्य उद्यमनगरात लेथसमोर उभं राहण्यात गेलं. आता गुडघे साथ देत नाहीत. त्यामुळे घरात विमानाची नव्हती एवढी चिंता तिथल्या रांगांची होती. एकेका राइडला दीड-दोन तास थांबावं लागतं, हे वन्संनी आधीच सांगून ठेवलं होतं.

हा माणूस नवऱ्याच्या ओळखीतल्या ओळखीतून आला. तिशीतला, बोलायला गोड, कपडे नीटनेटके. स्वतःचं ऑफिस नाही, राजारामपुरीतल्या एका कॉफीच्या दुकानात लॅपटॉप घेऊन भेटायचा. आमच्या घरी आला तेव्हा पहिल्यांदा आबांच्या पाया पडला. मग म्हणाला, "आबा, नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत तुम्ही चार-चार तास थांबता, ती देवीची रांग हाय. उंदराच्या रांगेत कशाला थांबायचं? मी हाय की!" आबा मनापासून हसले. माणूस बरोबर कुठे दुखतंय ते हेरून बोलत होता.

त्याने दिलेला कागद दिसायला अगदी चोख होता. चार दिवस, चार पार्क, प्रत्येक राइडसमोर वेळ आणि प्रत्येकाच्या नावाचा क्यूआर कोड. वर ठळक अक्षरांत "फास्टपास प्लस, ६० दिवस आधी हमखास आरक्षण". पुरावा म्हणून त्याने इंटरनेटवरचे लेखही दाखवले, आणि ते लेख खोटे नव्हते. डिस्नेने १९९९ मध्ये मोठी रांग टाळून ठरल्या वेळी राइडला सोडणारा फास्टपास सुरू केला, तो फुकट असायचा. पुढे त्याचं फास्टपास प्लस झालं, आणि त्यात डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना खरोखरच ६० दिवस आधी आणि इतरांना ३० दिवस आधी वेळा निवडता यायच्या. पण मार्च २०२० मध्ये पार्क बंद झाले तेव्हा ही योजना थांबली ती थांबलीच, आणि २०२१ मध्ये डिस्नेने ती कायमची गुंडाळली. त्यानंतर पैसे भरून घ्यायची जिनी प्लस नावाची पद्धत आली आणि जुलै २०२४ पासून तिचं नाव लायटनिंग लेन मल्टी पास झालं. फास्टपासच्या काळातले हजारो लेख, व्हिडिओ अजून तसेच पडून आहेत. मेलेल्या योजनेचे खरे कागद दाखवून हा माणूस जिवंत पैसे घेत होता.

माणशी बावीस हजार, म्हणजे एक लाख बत्तीस हजार. मग "गर्दीच्या राइड लॉक करायला" अठ्ठेचाळीस हजार डिपॉझिट, परत आल्यावर मिळणार म्हणे. वर टीसीएस, म्हणजे सहल विकणाऱ्याने गोळा करून सरकारकडे भरायचा कर, म्हणून नऊ हजार. पैसे यूपीआयने, दोन-तीन हप्त्यांत, एका बाईच्या नावाच्या बचत खात्यावर. "मिसेसचं खातं हाय, कंपनीचं अपडेट चाललंय." बिलावर जीएसटी नंबर छापलेला होता.

या दोन गोष्टी मला आता प्रत्येकाला ओरडून सांगाव्याशा वाटतात. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस खरंच लागतो, पण तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि नंतर आयकराच्या संकेतस्थळावर तुमच्या कराच्या उताऱ्यात दिसतो. या माणसाने आबांचा पॅन नंबर कधी विचारलाच नाही. पॅन न घेता कापलेला टीसीएस सरकारकडे पोचणार कसा? आणि जीएसटी नंबर कुणालाही फुकट तपासता येतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर सर्च टॅक्सपेयर मध्ये पंधरा अक्षर-आकडी नंबर घातला की व्यवसायाचं नाव समोर येतं. आमच्या सीएंनी नंतर घातला. नंबरची सुरुवात २७ ने, म्हणजे महाराष्ट्राचाच, पण निघाला एका फरशीच्या व्यापाऱ्याचा. त्या बिचाऱ्याला याचा पत्ताही नसणार.

शार्लटला पोचल्यावर वन्संनी तो कागद वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मॅजिक किंगडम या पार्कात स्प्लॅश माउंटन ही राइड, सकाळी अकरा वाजता. ती राइड जानेवारी २०२३ मध्येच बंद झाली. तिच्या जागी टियानाज बायू ॲडव्हेंचर नावाची नवी राइड जून २०२४ मध्ये उघडली. त्याला विचारलं तर उत्तर लगेच आलं, "नाव बदललंय, बुकिंग तेच चालतंय." वन्संनी विचारलं, मग आमच्या डिस्नेच्या ॲपमध्ये काहीच का दिसत नाही? तर म्हणाला, "एजन्सीच्या खात्यात हाय, आदल्या रात्री तुमच्याकडे पडेल. नाहीतर ॲपचा पासवर्ड द्या, मीच जोडतो." वन्संनी पासवर्ड साफ नाकारला. त्या खात्याला त्यांचं कार्ड जोडलेलं होतं. पासवर्ड गेला असता तर नुकसान डॉलरमध्ये झालं असतं.

पण "आदल्या रात्री पडेल" या एका वाक्याने आमचं जे नुकसान केलं ते पैशाहून वाईट होतं. ते ३ दिवस, ज्यांत आम्हाला स्वतःला वेळा घेता आल्या असत्या, त्याच्या मेसेजची वाट बघण्यात गेले. प्रवेशाची तिकिटं वन्संनी थेट डिस्नेकडून घेतलेली होती, म्हणून निदान आत तरी जाता आलं.

पहिल्या राइडच्या दारात खांबावर कार्ड टेकवायचं असतं. सगळं ठीक असेल तर हिरवा दिवा लागतो, काही अडलं तर निळा. आमचा निळा लागला. आबांचा निळा, मुलांचा निळा. कर्मचारी मुलगी फार सभ्य होती. तिने हातातल्या टॅबलेटवर बघून सांगितलं, तुमच्या नावावर फक्त प्रवेशाचं तिकीट आहे, आरक्षण एकही नाही. क्यूआरचा कागद दाखवला तर म्हणाली, हा आमचा नाही. राइडचं आरक्षण त्या त्या माणसाच्या तिकिटालाच जोडलेलं असतं. ते वेगळ्या कागदावर छापून हातात देता येत नाही. फ्लोरिडातलं मे अखेरचं ऊन, मागे खोळंबलेली रांग, आणि आबा सगळ्यांना धीर देत होते की जाऊ दे, आपण बसून बघू.

तिथून नवऱ्याने त्या माणसाला मेसेज केला. त्यावर त्याने जे सुचवलं ते मी विसरू शकत नाही. आधी म्हणाला, आबांना व्हीलचेअरवर बसवा, रांग सुटते. हे खोटं आहे. व्हीलचेअर तिथे भाड्याने मिळते आणि बहुतेक रांगांतून ती जाते, पण तिच्यामुळे रांग सुटत नाही. मग म्हणाला, "थोरल्या पोराला ऑटिझम हाय म्हणून सांगा. व्हिडिओ कॉलवर दोन प्रश्न विचारत्यात, स्पेशल पास देत्यात." अशी सोय डिस्नेमध्ये आहे. ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणीमुळे ज्यांना नेहमीच्या रांगेत थांबणं खरोखर अशक्य आहे, त्यांच्यासाठी ती आहे. लोकांनी तिचा इतका गैरफायदा घेतला की २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये डिस्नेला नियम कडक करावे लागले. आता खोटं सांगताना सापडलं तर कायमची प्रवेशबंदी होते आणि तिकिटाचे पैसेही परत मिळत नाहीत. पण बंदीचं सोडा. माझ्या जिवलग मैत्रिणीचा मुलगा ऑटिस्टिक आहे. गर्दीत, आवाजात त्या लेकराचं काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. दहा वर्षांच्या धडधाकट मुलाला त्याच्याच तोंडावर आजारी म्हणवून घ्यायचं आणि खऱ्या लेकरांच्या वाट्याची सोय लाटायची, हे सुचवणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात आता कीव सुद्धा नाही. नवऱ्याने उत्तर दिलं नाही. संध्याकाळपर्यंत त्याने आम्हाला ब्लॉक केलं होतं.

त्या दिवशी आम्ही तिथेच ॲपमधून मल्टी पास घेतला. गर्दीच्या राइडच्या वेळा संपल्या होत्या, मधल्या काही मिळाल्या. पुढच्या पार्कांना सकाळी दार उघडायच्या आधी जाऊन उभं राहिलो, त्याने बरंच साधलं. ट्रॉन राइडला उंची ४८ इंच लागते आणि धाकटी तेवढी नाही. तिथे रायडर स्विच नावाची फुकटची सोय उपयोगी पडली: एक पालक लहान मुलाजवळ थांबतो, पहिली तुकडी आली की दुसऱ्याला पुन्हा मोठी रांग न लावता सोडतात. यासाठी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत, दारातल्या कर्मचाऱ्याला विचारायचं एवढंच.

तुम्ही जाणार असाल तर हे काम घरी बसून होतं. डिस्नेचं ॲप घ्या, तिकिटं सगळ्यांच्या नावाने त्यात जोडा. आरक्षण तिथल्या सकाळी ७ वाजता उघडतं, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच. एका दिवसासाठी एका पार्कातल्या तीन राइड निवडायच्या, प्रत्येकीला एक तासाची मुदत मिळते. एक वापरून झाली की ॲपमधूनच पुढची घ्यायची. पास किती रुपयांना पडेल ते पार्क आणि तारखेवर ठरतं आणि ॲपमध्येच कळतं. महिनोन्‌महिने आधी ठाम आकडा सांगणारा माणूस तो मनानेच सांगत असतो. ॲव्हेटार फ्लाइट ऑफ पॅसेज किंवा स्टार वॉर्समधली राइज ऑफ द रेझिस्टन्स अशा अगदी गाजलेल्या राइड मल्टी पासमध्ये बसत नाहीत, त्यांचा सिंगल पास वेगळा घ्यावा लागतो. तीन वर्षांखालच्या मुलाला ना तिकीट लागतं ना पास. कुणी त्याचेही पैसे लावले असतील तर तिथेच उठा.

चांगल्या सहल कंपन्या आहेत, त्यांच्यावर मला काही म्हणायचं नाही. हॉटेल, विमान, प्रवेशाचं तिकीट त्या कितीही आधी काढून देऊ शकतात. सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओची गोष्टही वेगळी आहे. तिथला एक्सप्रेस पास प्रवेशाच्या तिकिटाहून वेगळा असतो, तारखेप्रमाणे आधी विकत मिळतो आणि त्यात राइडच्या वेळा ठरलेल्या नसतात. आपल्याकडून सिंगापूरला जाणारे पुष्कळ आहेत, त्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. त्या पासला कुणी वेळेचं कोष्टक चिकटवून देत असेल, तर त्यालाही लांबूनच नमस्कार करा. आणि ओरलँडोची अर्धी वापरलेली, अनेक दिवसांची तिकिटं "स्वस्तात" मिळतात असं ऐकलंत तर घेऊ नका. अशी उरलेली तिकिटं विकणं फ्लोरिडाच्या कायद्याने गुन्हा आहे आणि दारात तिकीट दुसऱ्याच्या नावाचं निघालं की तुम्ही बाहेर.

आमची तक्रार माझ्या भावाने इकडून सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर नोंदवली आणि परत आल्यावर आम्ही सायबर पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला. १९३० हा सायबर फसवणुकीच्या मदतीचा क्रमांक फसवणूक कळल्या कळल्या लावायचा असतो, म्हणजे पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता येतं. आमचे पैसे मार्चमध्ये गेलेले, त्या खात्यात काही उरलं नव्हतं. तक्रारीला प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, चॅट, तो कागद आणि बिल लागलं. चॅट पुसू नका, त्याने ब्लॉक केलं तरी तुमच्या फोनवर ते राहतं. संगणक साधनं वापरून तोतयागिरीने फसवणूक केल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड आणि फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ अशा प्रकरणांत लागू शकतं, ते ठाण्यात विचारा.

तक्रारीनंतर काही आठवड्यांनी एक फोन आला, "तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला पाच हजार प्रोसेसिंग भरा." फसलेल्यांना पुन्हा गाठणारे हे वेगळे लोक असतात किंवा तेच असतात. पैसे परत मिळवून देण्यासाठी पोलीस किंवा बँक कधी फी मागत नाही. तो नंबरही आम्ही तक्रारीला जोडला.

राजारामपुरीत कॉफी पाजत असाच रंगीत कागद दाखवणाऱ्या कुणाला तुम्ही पैसे दिले असतील, तर आमच्या तक्रारीवर विसंबू नका, आपली वेगळी नोंदवा. खात्याचं नाव, यूटीआर आणि कागदावरचा जीएसटी नंबर त्यात जरूर घाला. चार तक्रारींत तेच खातं आणि तोच नंबर आला, तर तपास करणाऱ्यांना हा एकच माणूस आहे हे दाखवता येईल. आणि तुमची सहल अजून पुढे असेल तर आजच ॲप उघडून तिकिटं जोडा, कॅलेंडरवर ७ किंवा ३ दिवस आधीची तारीख मांडून ठेवा, आणि त्याच्या मेसेजची वाट बघू नका.