कॉलेजचं पर्यावरण केंद्र आणि आमची सोसायटी: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतरचा अनुभव

आमच्या सोसायटीपासून चालत जाता येईल अशा अंतरावर एक कॉलेज आहे आणि तिथे आसपासच्या रहिवाशांसाठी पर्यावरण केंद्र चालतं. ओल्या कचऱ्याचं खत, वाळलेल्या पाल्याची देवघेव, घरातल्या विजेची तपासणी अशी कामं ते विनामूल्य करून देतात. गेल्या पावसाळ्यापासून यंदाच्या उन्हाळ्यापर्यंत आम्ही या केंद्राचा भरपूर उपयोग केला. पुण्यात अनेक सोसायट्या अशी मदत शोधत असतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे. कॉलेजचं नाव देत नाही. काही उणिवाही लिहायच्या आहेत, आणि त्या कोणत्याही कॉलेजच्या केंद्रात निघू शकतात.

आधी खताबद्दल, कारण खरा फरक तिथेच पडला. पुण्यातल्या बऱ्याच इमारतींच्या मागच्या बाजूला गांडूळखताचे हौद असतात. बिल्डरने परवानगीसाठी बांधलेले आणि नंतर राडारोडा, जुन्या कुंड्या टाकायला वापरलेले. आमचेही तसेच होते. महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजलसंधारण यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सवलत देते, पण प्रकल्प खरोखर चालू असायला हवा. केंद्रातली मुलं येऊन हौद पाहून गेली आणि त्यांनी कोणतंही यंत्र घ्यायला लावलं नाही, हे मला फार आवडलं. त्याआधी एका विक्रेत्याने आम्हाला लाखांच्या घरातलं मशीन सुचवलं होतं. मुलांनी सांगितलं ते एवढंच: ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर वाळलेला पाला, सुरुवातीला विरजण म्हणून आंबट ताक आणि गूळ, आठवड्यातून एकदा उलथापालथ.

पावसाळ्यात व्हायचं तेच झालं. हौदाला वास सुटला, पांढुरक्या अळ्या भिंतीवर चढल्या आणि तळमजल्यावरच्या लोकांनी प्रकल्प बंद करा म्हणून सभेत आवाज चढवला. बहुतेक सोसायट्यांचे प्रकल्प नेमके इथेच बंद पडतात. आम्ही केंद्राला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी दोन विद्यार्थिनी हजर झाल्या. त्यांनी हौदातला मूठभर माल हातात घेऊन दाबला तर पाण्याची धार लागली. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका हवा, दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, त्याहून जास्त पाणी राहिलं तर हवा खेळत नाही आणि वास येतो, हे त्यांनी तळमजल्यावरच्या काकांना स्वतः हातात घेऊन बघायला लावून समजावलं. अळ्या काळ्या सैनिक माशीच्या होत्या. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट कचरा भराभर खातात. वरून पाल्याचा जाड थर घातला, झाकणाची फट बुजवली आणि वास ओसरला. पुढच्या खेपेला त्यांनी लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसून दाखवला, आत ५५ अंशांच्या वर तापमान होतं. एवढी ऊब काही दिवस टिकली की रोगजंतू आणि तणांचं बी बरंचसं मरतं. विरोध करणारे काका आता स्वतः आकडा वहीत लिहितात.

पाला कुठून आणायचा, तर तोही केंद्राकडूनच. कॉलेजच्या आवारात पर्जन्यवृक्ष आणि वावळ भरपूर. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ सुरू झाली की पूर्वी तो पाला पेटवला जायचा, आता गोणीत भरून ठेवतात. ज्याला हवा त्याने न्यावा, ज्याच्याकडे जास्त झालाय त्याने आणून द्यावा. आमच्या गल्लीतल्या पाल्याच्या शेकोट्या यंदा जवळजवळ थांबल्या. मला दम्याचा त्रास आहे, त्यामुळे याचं मोल मला कुणी सांगायला नको.

सुका कचरा मात्र हे केंद्र घेत नाही. सुरुवातीला मला ती त्रुटी वाटली. तिथल्या प्राध्यापिकांनी सांगितलं, सुका कचरा दारोदार कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताईंचा आहे, विकून मिळणारे पैसे त्यांच्या उत्पन्नाचा भाग आहेत, कॉलेजने तो वळवू नये. मग त्यांनी मागचा इतिहासही सांगितला. एसएनडीटी विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षण विभागातली मंडळी कचरा वेचणाऱ्या बायकांमध्ये काम करू लागली, आणि त्या कामातून १९९३ मध्ये डॉ. बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. पुढे याच कष्टकऱ्यांची स्वच्छ ही सहकारी संस्था झाली आणि २००८ पासून ती महापालिकेबरोबर कराराने दारोदार कचरा गोळा करते. शिक्षणसंस्थेने शहरासाठी काय करावं याचं एवढं मोठं उदाहरण आपल्याच गावात आहे आणि हे केंद्र ते विसरलेलं नाही, याचा मला मनापासून आदर वाटतो.

विजेची तपासणी ठीक होती. मुलांनी मीटर लावून दाखवलं की जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० च्या आसपास. दिवसाला बारा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला साधारण १६ युनिट वाचतात. बऱ्याच घरांनी पंखे बदलले. गच्चीवरच्या सौरऊर्जेबद्दल मात्र त्यांची तयारी कमी पडली. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, ते आम्हालाच शोधून काढावं लागलं. करसवलतीच्या अर्जाचंही तेच, कागदपत्रं कोणती हे केंद्रात कुणालाच नीट सांगता येईना.

आता मोठी तक्रार. केंद्र चालतं कॉलेजच्या वेळापत्रकाने. नव्या शैक्षणिक धोरणात सामाजिक सहभागाच्या प्रकल्पाला श्रेयांक मिळतात, त्यामुळे मुलं येतात, मनापासून राबतात, पण सत्र संपलं की गट बदलतो आणि नव्या मुलांना आमचा हौद पहिल्यापासून समजावून द्यावा लागतो. परीक्षांच्या काळात फोन उचलला जात नाही. एप्रिल-मे तर पूर्ण बंद, आणि नेमकं तेव्हाच हौद कोरडे पडतात, कुजण्याची क्रिया थांबते. आमच्याकडे खताचा एक अख्खा हौद असाच वाळून गेला. शिवाय केंद्राची वेळ कामाच्या दिवशी अकरा ते चार, म्हणजे नोकरी करणाऱ्यांना सोयीची नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकली. पहिली कार्यशाळा सभागृहात झाली, पडद्यावरचा मजकूर इंग्रजीत, समोर आम्ही फ्लॅटधारक. हौद रोज हाताळणारे आमचे सफाई कामगार मामा आणि घराघरांत ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या कामवाल्या ताई, यांना बोलावलंच नव्हतं. आम्ही तसं बोलून दाखवल्यावर पुढचं शिबिर हौदापाशी उभं राहून, मराठीत, ताईंची कामं आटोपल्यावर दुपारी झालं. त्या दिवसानंतर ओल्या कचऱ्यात प्लॅस्टिक सापडणं झपाट्याने कमी झालं. मामांनी तर मुलांना उलट शिकवलं की नारळाच्या शेंड्या तळाशी अंथरल्या तर निचरा चांगला होतो, आणि मुलांनी ते लिहून घेतलं.

एवढं सगळं धरूनही मी या केंद्राकडे जायला सांगेन, विशेषतः ज्यांचा हौद बांधलेला असूनही बंद पडला आहे अशा सोसायट्यांना. जाताना पावसाळ्याच्या आधी जा, पाला आधी साठवा आणि सुट्टीत कोण फोन उचलणार हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

आमच्या गल्लीतल्या सोसायट्यांनी मिळून प्राचार्यांना पत्र दिलं आहे: बारा महिने असणारा एक पगारी माणूस नेमा, त्याच्या मानधनाचा काही भाग आम्ही वर्गणी काढून देऊ. पत्र व्यवस्थापन समितीपुढे ठेवू, असं उत्तर आलं आहे. निर्णय व्हायचा आहे.