कराराच्या जमिनीत काय लावावं: हापूस की काजू?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुणाची पडीक वरकस (डोंगरउताराची हलकी) जमीन करारावर कसायला मिळत असेल, तर झाडाआधी मुदत ठरवा. 15 वर्षं मिळत असतील तर माझं मत काजूला.

हापूसचं कलम पाचव्या-सहाव्या वर्षी धरायला लागतं, पण बाग भरात यायला दहा-बारा वर्षं जातात. तोवर तुमची मुदत संपत येते आणि पुढची कैक वर्षं आंबे मालकाचे. त्यात हापूस वर्षाआड धरतो. मोहर आला की तुडतुडे (रस शोषणारी कीड) नि भुरी (बुरशीचा रोग) यांसाठी फवारण्या सुरू. काढणीला झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) एकेक फळ देठासकट उतरवून सावलीत आणायचं, पेट्या भरून लगेच रवाना करायच्या. ऐन हंगामात गडी आले नाहीत, तर पिकलेला माल थांबत नाही.

काजूच्या वेंगुर्ला-4 किंवा 7 या जातीचं कलम तिसऱ्या वर्षापासून बी देतं, आठव्या-दहाव्या वर्षी भरात येतं. हापूस 10 बाय 10 मीटरवर हेक्टरी 100 बसतो, काजू 7 बाय 7 वर 200. आणि खरा फरक काढणीत आहे. बोंड बीसकट आपणहून गळतं. बी पिरगळून काढायची, उन्हात खडखडीत वाळवायची, पोती बांधायची. दर पडला तर थांबता येतं. खंड (जमिनीचं वार्षिक भाडं) भरणाऱ्याला ही सवड फार मोलाची. काजूलाही राखण लागतेच: ढेकण्या ही कीड कोवळी पालवी नि मोहर करपवते, आणि बुंध्याशी भुसा नि डिंक दिसला की रोठा (खोड पोखरणारी कीड) समजून अळी लगेच कोरून काढावी. वणव्यासाठी बागेभोवतीचं गवत वेळेत कापा.

मुदत पाचच वर्षं असेल तर दोन्ही सोडा. दोडामार्गाकडे केरळचे बागायतदार कराराच्या जमिनीत अननस करतात, कारण फळ दीडेक वर्षात हाती येतं.

कुठलंही झाड लावा, पण वर्षावरचा करार नोंदणीकृतच हवा. कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क येईल, या धास्तीने मालक अकरा महिन्यांचा कागद पुढे करतो. त्यावर कलमं लावू नका. दोघांनी मिळून वकील गाठा. करार मधेच मोडला तर झाडामागे भरपाई किती, जमीन विकली गेली तर काय, हे लिहून घ्या. राज्य सरकारच्या फुंडकर फळबाग लागवड योजनेचं अनुदान सातबारा ज्याच्या नावावर त्याला मिळतं, म्हणून अर्ज मालकाने करायचा आणि ती रक्कम खंडातून कशी वळती करायची, हेही त्याच कागदात आणा.